सोडायचा राहिलेला नारळ

कुंभार्ली घाटाचं तिसरं वळण घेऊन एसटी वर चढायला लागली आणि वृषालीने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. पिशवीत वाटेत खायला घेतलेली केळी होती. ती मी कशीबशी काढून मांडीवर ठेवेपर्यंत तिचं काम होऊन गेलं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे न वळताच आमसुलाची पुडी आमच्याकडे केली.

"घाट लागला," वृषाली तोंड पुसत म्हणाली.

"लागतो कुणाकुणाला," मी म्हटलं आणि खिडकी थोडी सरकवली.

आता खरी गोष्ट अशी, की माझ्या सुनेला घाट लागत नाही. लग्नानंतर आम्ही कोल्हापूरला गेलो तेव्हा याच घाटात अख्खी गाडी डोकं धरून बसली होती आणि ही बया भेळ खात होती. पण मी काही बोलले नाही. घरून निघतानाच मी ठरवलं होतं, की या प्रवासात आपण तोंड उघडायचं नाही. चिपळूण ते पुणे एवढा वेळ मी गप्प बसले, यावरूनच माझ्या मनात काय चाललं होतं ते समजा.

आम्ही चाललो होतो वृषालीच्या तपासणीला. तिला आणि तुषारला, म्हणजे माझ्या मुलाला, कॅनडाला कायमचं जायचं होतं. तिकडच्यांनी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी करावी लागते, रक्ताची, लघवीची आणि छातीचा एक्सरे. ती एकदा झाली होती. पण तपासणी चालते एक वर्ष आणि फाइल दोन वर्षं जागची हलली नव्हती, म्हणून ती बाद झाली. आता पुन्हा करा आणि तीस दिवसांत करा, असं पत्र आलं. दोन वर्षं स्वतः झोपायचं आणि उठल्यावर दुसऱ्याला घाई करायची! तुषारची तपासणी मंगळवारी उरकली. वृषालीची शुक्रवारी होती आणि तुषारच्या कारखान्यात शटडाऊनचं काम निघालं, म्हणून सोबत मी.

अर्ज वृषालीच्या नावावर होता. ती जवळच्या लोटे गावी औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. तिच्या शिक्षणाला, अनुभवाला, इंग्रजीला गुण मिळाले आणि तुषार तिचा नवरा म्हणून मागोमाग. आमच्या गल्लीला याचं भारी नवल. मला नव्हतं. मी स्वतः एकतीस वर्षं कचेरीत खिडकीमागे काढली आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. लोक यायचे आणि मी चष्मा कपाळावर चढवून सांगायचे, "पुढच्या आठवड्यात या." मनात पाप नसायचं हो, समोर ढीगच तेवढा असायचा. त्यामुळे अर्ज गेल्यावर तुषारने मोबाईल माझ्यापुढे धरला, "बघ आई, सहा महिने लिहिलंय," तेव्हा मी मनात म्हटलं, असेल कुणीतरी तिकडेही माझ्यासारखी.

गल्लीला मात्र सहा महिने म्हणजे सहाच वाटले. परांजप्यांनी पुरणपोळीचं जेवण घातलं. मुकादमांकडून बिर्याणीचं पातेलं आलं. शेजारच्या भुवडवहिनींनी वृषालीची ओटी भरली आणि तुषारला टॉवेल-टोपी दिली. निरोपाची अकरा जेवणं झाली. आणि मग जगभर साथ आली, विमानं थांबली, तिकडे फायलींचा डोंगर साचला आणि निरोपाचं जेवून बसलेली आमची माणसं गल्लीतच राहिली. तुषार तेव्हापासून मागच्या बोळातून कामाला जायचा, कारण समोरून गेलं की कुणीतरी विचारायचंच, "अरे, तू अजून इथंच?" भुवडवहिनी तर म्हणाल्या, "निदान ती टोपी तरी घाल, वाया जायला नको." पुराच्या वर्षी पाणी पायरीला लागलं तेव्हा आम्ही आधी ती फाइल माळ्यावर टाकली आणि मग तांदूळ.

आणखी एक गोष्ट होती, ती घरात कुणी बोलायचं नाही. अर्जाच्या आदल्या वर्षी वृषालीला दिवस गेले होते. धड दोन महिनेही झाले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, यात कुणाची चूक नसते. पण लॅबमधल्या बाटल्या काही तिच्या डोक्यातून गेल्या नाहीत. आपणच काहीतरी हाताळलं, हुंगलं, असं तिने मनाशी घेतलं. मग दोघांनी ठरवलं, आता मूल तिकडे गेल्यावरच. हे मला कुणी सांगितलं नाही, भिंतीपलीकडून ऐकू आलं. ऐकल्यावर मी काय केलं, ते पुढे येईलच.

दवाखाना काचेचा आणि थंडगार. पंचवीस-तीस माणसं बसलेली आणि प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. नर्सा होत्या, वेल्डर होते, कॉम्प्युटरवाले होते. माझ्या शेजारी नगरचा एक सुतार बसला होता, चांगला धट्टाकट्टा.

"तुमची कितवी वेळ, मावशी?"

"सुनेची आहे. दुसरी."

"माझी तिसरी. फुप्फुसं माझी, पण फोटो सगळे यांच्याकडे."

मी हसले. वृषाली हसली नाही. ती अर्ज भरत होती. मी तिकडे मुद्दाम पाहिलं नाही, देवाशपथ. पण एकतीस वर्षं खिडकीपलीकडचे अर्ज उलटे वाचलेले डोळे, ते आपोआप जातात. शेवटच्या पाळीची तारीख, असं विचारलं होतं. वृषालीने लिहिलं, पाच फेब्रुवारी.

पाळीच्या पहिल्या दिवशी वृषालीला गरम पाण्याची पिशवी लागते. उभं राहवत नाही तिला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती पिशवी मी भरून देते. न मागता देते. जानेवारीच्या सुरुवातीला दिली होती, त्यानंतर पिशवी खुंटीला लटकलेली. आणि पाच फेब्रुवारीला भुवडांकडे हळदीकुंकू होतं. ही दोन तास दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला अत्तर लावत होती.

म्हणजे माझी सून खोटं लिहीत होती. दहा वर्षांत जिने दुधाच्या हिशेबात कधी फिरवाफिरव केली नाही, ती.

मी बोलू की नको? बोलावं तर एक्सरे थांबणार, फाइल थांबणार. पुढे सगळे काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. म्हातारीला पोराला सोडायचंच नव्हतं, ऐन वेळी खोडा घातलाच तिने. आणि वाईट म्हणजे, त्यात खोटं काहीच नव्हतं. आमचे हे जाऊन आठ वर्षं झाली होती. हे दोघे गेले की त्या घरात मी आणि टीव्ही.

"वृषाली, जरा इकडे ये."

"आई, नंबर येईल माझा."

"येऊ दे. नंबर कुठे पळून जात नाहीत. मला विचार."

पाण्याच्या मशीनपाशी एक कोपरा होता. तिथे ती आली, फॉर्म छातीशी धरून.

"पाच तारखेला तू भुवडांकडे अत्तर लावत होतीस," मी म्हटलं.

तिने फॉर्म आणखी घट्ट धरला.

"पिशवी खुंटीलाच आहे. जानेवारीपासून."

"उशीर झालाय नुसता. टेन्शनने होतो. मागेही झाला होता."

"आणि घाट?"

तिने मान फिरवली. मी विचारलं, "घरी चाचणी केलीस?"

"नाही." मग हळूच म्हणाली, "केली तर कळेल ना, आई. कळलं तर खरं लिहावं लागेल. खरं लिहिलं तर एक्सरे बाळंतपणानंतरच करतात म्हणे. म्हणजे पुन्हा सगळं मागे. मी पस्तिशीची आहे. दर वर्षी वयाचे गुण कमी होतात. इंग्रजीच्या परीक्षेची मुदत संपत आलीय. किती वेळा तेच ते करायचं?"

"आणि एक्सरे?"

"छातीचा तर असतो. क्षणभराचा. पोटावर शिशाचा ॲप्रन घालतात. धोका नसल्यासारखाच असतो, डॉक्टरही तेच सांगतील. मी केमिस्ट आहे, मला आकडे माहीत आहेत."

"मग हात का थरथरतोय?"

तिने हाताकडे पाहिलं. कागद खरंच हलत होता.

"कारण मागच्या वेळीही मला आकडे माहीत होते," ती म्हणाली.

पोरगी तीन वर्षं हे एकटी उरात घेऊन फिरत होती आणि मी तिला पिशव्या भरून देत होते. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण आधी माझ्या गळ्यात जे अडकलं होतं ते बाहेर काढणं भाग होतं.

"हे बघ, मी तुला आता 'खरं लिही' असं सांगितलं तर तुला वाटेल, आईंना आम्हाला जाऊ द्यायचं नाही. तर ते खरंच आहे. म्हणून आधी माझं ऐक. मग तुला वाटेल ते लिही. तुमची फाइल मी अडवली आहे."

"काय?"

"गावच्या वाघजाईला नारळ बांधलाय. लाल फडक्यात. तुमची पहिली तपासणी झाली ना, त्या महिन्यात."

वृषाली माझ्याकडे बघतच राहिली. मी एका दमात सांगून टाकलं. "मूल तिकडे गेल्यावर, असं तुम्ही बोलत होता ते मी ऐकलं. मला फार लागलं. एकदा गेलेलं बाळ या घरातून गेलं, तर दुसरं या घरात यावं एवढंच वाटलं मला. मी जाऊन देवीला म्हटलं, बाई, यांना मूल या घरात होऊ दे, आणि ते होईपर्यंत यांचं पाऊल उचलू देऊ नकोस. आणि तुम्ही ठरवून बसलात, पाऊल उचलल्याशिवाय मूल नाही. आता देवीने तरी काय करावं?"

मशीनमधून पाण्याचे थेंब पडत होते.

"आई, दोन वर्षं मी रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाईल उघडून बघतेय."

"माहीत आहे. मी बघायचे तुला."

"आणि काही बोलला नाहीत!" तिचा आवाज चढला. तो चढायलाच हवा होता.

"काय बोलणार? पुढे मलाच भीती वाटायला लागली. मी गेले होते सोडायला. गुरव म्हणाला, काम झाल्याशिवाय बांधलेला नारळ सोडत नाहीत. म्हटलं, बाबा, चुकून बांधला. तो म्हणाला, देवीकडे चुकून असं काही नसतं."

वृषालीने डोळे मिटले. मला वाटलं, आता ही इथेच रडणार. तर तिच्या खांद्यांना हिसका बसला आणि ती हसायला लागली.

"आई, लाखो लोकांच्या फायली अडकल्यात. हे सगळे बसलेत ना, यांच्यासुद्धा. तो सुतार... त्याची पण तुम्हीच?"

"मी फक्त तुमची सांगितली होती," मी म्हटलं. "देवीने सरसकट सगळ्यांच्याच धरल्या असतील तर मला कल्पना नाही."

ती आणखीच हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. नगरचा सुतार उठून उभा राहिला. काय करावं ते न कळून त्याने दोन ग्लास पाणी भरलं आणि आमच्या हातात देऊन परत जाग्यावर जाऊन बसला.

पाणी पिऊन वृषालीने पदराने, माझ्या पदराने, तोंड पुसलं आणि सरळ काउंटरवर गेली.

"मॅडम, दुसरा फॉर्म द्या. एक तारीख चुकलीय माझी."

लघवीची चाचणी झाली आणि तासाभराने आतल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. हसून अभिनंदन म्हणाल्या. म्हणाल्या, तुम्हाला हवं तर ॲप्रन घालून आजही एक्सरे करता येतो, घाबरण्यासारखं नाही. नाहीतर बाळंतपणानंतर या, तसं आम्ही तिकडे कळवू, पण फाइल थांबेल. वृषाली म्हणाली, "थांबू दे." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तो निर्णय तिचा एकटीचा होता, आणि तो तसाच असायला हवा होता.

दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने तुषारला फोन लावला. मागे कारखान्याची घरघर. तिने सांगितलं, आणि पलीकडची घरघर हळूहळू मागे पडली, तो बाहेर मोकळ्यावर आला असावा.

"फाइल?" त्याने शेवटी विचारलं.

"थांबेल."

"थांबू दे गं. तिला सवय आहे." मग त्याचा आवाज फुटला. "आईला फोन दे. आई, तिला एसटीने आणू नकोस घाटातून. मी गाडी घेऊन येतो."

तो शटडाऊन तसाच टाकून आला. त्याच्या साहेबाने त्याला दोन दिवस फैलावर घेतलं म्हणतात.

डोहाळजेवण गल्लीने केलं. ज्या अकरा घरांनी निरोपाचं जेवण घातलं होतं, ती अकराही घरं आली. भुवडवहिनी पुन्हा ओटी भरायला पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी घाई झाली माझी. ती ओटी ॲडव्हान्स धर." तुषार त्या दिवसापासून समोरच्या रस्त्याने जायला लागला. ऑक्टोबरात मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उंबऱ्यावर मी तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला. तिचं नाव रेवा ठेवलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी फार भली बाई ठरले असते.

डिसेंबरात वृषाली पुण्याला जाऊन एक्सरे करून आली. आता फाइल तिकडे, आणि नारळ इकडे. मूल घरात झालं होतं. नवस पुरा झाला होता. उठायचं, वाघजाईला जायचं आणि नारळ सोडायचा, एवढंच काम. मी म्हटलं, थंडी सरू दे. मग म्हटलं, रेवाला सर्दी आहे. मग शिमगा आला, पालखीच्या गर्दीत तान्हं मूल कुठे न्यायचं? "पुढच्या आठवड्यात जाऊ," मी म्हणायचे. वृषाली "हो" म्हणायची. तिने एकदाही आठवण केली नाही. नारळावर तिचा विश्वास नव्हताच. पण तो अजून बांधलेला आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. रेवा मला बघून हसायला लागली होती. पालथी पडायला लागली होती. मी अंघोळ घातल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मला सांगा, कुणाचा हात उठेल?

मार्चमधली एक सकाळ. मी दूध तापवत होते. वृषाली रेवाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. तिने मोबाईल उघडला, पाहिलं, बंद केला. मग रेवाच्या डोक्यावर गाल टेकून तिला थोपटत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात हं, राणी. पुढच्या आठवड्यात."

मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. माझंच वाक्य होतं ते. एकतीस वर्षं मी ते लोकांना सांगितलं आणि ते ऐकून लोक कसे घरी जात असतील, हे मला त्या दिवशी कळलं. दूध उतू गेलं.

"आवर," मी बाहेर येऊन म्हटलं. "वाघजाईला जायचंय. आज."

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"उद्या विचारलंस तर नाही म्हणेन."

देवळाबाहेरच्या दुकानात तिने दोन नारळ घेतले. मी म्हटलं, देवीपुढे ठेवायला एक पुरे. ती म्हणाली, असू दे. लाल फडकं उन्हापावसाने गुलाबी झालं होतं. गुरवाने ते सोडून माझ्या हातात दिलं. नारळ हलका झाला होता, आत गोटा खुळखुळत होता. मी हात जोडले आणि देवीला म्हटलं, तू तुझा शब्द पाळलास, मला थोडा उशीर झाला, पोटात घाल. गुरवाने नारळ फोडला. त्या सुक्या खोबऱ्याचा मोठा तुकडा वृषालीने खाल्ला. निघताना म्हणाली, "तुम्ही रेवाला घेऊन पुढे व्हा आई, मी चप्पल घालून आलेच." चप्पल घालायला तिला दहा मिनिटं लागली.

मला वाटलं होतं, आठ दिवसांत पत्र येईल. कसलं काय! अकरा आठवडे काही नाही. मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून चांगली भांडले. म्हटलं, अडवायचं होतं तेव्हा तडकाफडकी अडवलंस, आता सोडायला काय झालं? तुषार म्हणाला, "आई, देवीलाही बॅकलॉग असेल." मग जूनमध्ये एका मंगळवारी, वृषाली रेवाला न्हाऊ घालत असताना, ते आलं. तुषार ओरडला. वृषाली साबणाच्या हातांनी तशीच बसून राहिली. रेवाच्या डोळ्यात फेस जाईल म्हणून मी पुढे होऊन पाणी ओतलं. ऑगस्टमध्ये ते गेले. या वेळी गल्लीत कुणी जेवायला बोलावलं नाही. सगळ्यांनी आपापल्या घरून एकेक पदार्थ आमच्याच पडवीत आणला आणि आम्ही सगळे मिळून जेवलो.

त्याला आता चार वर्षं होत आली. दर रविवारी रेवा मोबाईलमधून मला तिने काढलेली चित्रं दाखवते. तिकडे जाऊन त्यांच्यासोबत राहता यावं म्हणून माझाही अर्ज केला होता. त्यावर लिहिलेले महिने केव्हाच उलटून गेले. मी कुणाला काही विचारलं नाही. माझी एकतीस वर्षांची बाकी होती, ती फेडत होते. गेल्या महिन्यात मंजुरी आली.

निघण्याआधी देवीला सांगावं म्हणून, नारळ सोडल्यानंतर पहिल्यांदाच, वाघजाईला गेले. गुरव आता पार वाकलाय. मला बघून म्हणाला, "आलात काय वहिनी? नारळ सोडायचाय ना?"

"माझा सोडला की रे, तूच तर सोडलास."

"तो नव्हं. ह्यो."

त्याने खांबाकडे बोट केलं. वर, जुन्या खिळ्याला एक नारळ टांगलेला होता. लाल फडक्यात नाही. पिवळ्या कापडात, त्यावर फिकट झालेली बदकं. ते कापड मी ओळखलं. रेवाचं पहिलं झबलं, मीच शिवलेलं. ते हरवलं म्हणून मी आठ दिवस घर धुंडाळलं होतं.

"तुमच्या सूनबायने बांधलान. तुम्ही पोरीला घेऊन फुडं गेलात ना, त्याच दिवशी."

"काय मागितलं तिने?"

"ते देवीला ठावं. मला येवढंच सांगितलान, हा सोडायला माझी सासू येईल. ती आली का समजायचं, काम झालं."

मी स्टुलावर चढले. गुरव "पडाल, पडाल" करत राहिला. झबल्याची गाठ लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने मारलेली, तिहेरी, घट्ट. माझ्या बोटांना सुटता सुटेना.

"कापू काय, वहिनी?" गुरवाने कोयती पुढे केली.

"नको," मी म्हटलं. "थांब जरा. मला घाई नाही."